वन्स मोर म्हटल्यावर

बाबा,

तुमच्याशी माझं एक जुनं भांडण आहे, आणि परवाच्या रविवारी ते मी हरले. एवढं कळवायला बसले आहे. तुम्ही असता तर मिशीत हसला असता आणि आतल्या खोलीकडे तोंड करून आईला म्हणाला असता, "ऐकलं का वं, पोरगी मानून राहिली." पण मी एकदम मानणार नाही. आधी माझी बाजू सांगेन, मग काय ते ठरवा. तुम्ही गेलात तेव्हा माझी मुलगी मांडीवर होती. आता ती मला मोबाइल कसा वापरायचा ते शिकवते आणि वर चिडतेही. म्हणजे भांडण उगाळायला मला भरपूर वेळ मिळाला, आणि समोर बोलायला कुणी नव्हतं.

भांडण त्या टेपरेकॉर्डरचं. मी दहावी पास झाले तेव्हा तुम्ही तो आणून दिलात. वर्गातल्या मुलींना कुणाला घड्याळ मिळालं, कुणाला ड्रेस. मला काळा, जड, हँडलवाला टेपरेकॉर्डर आणि सोबत कोऱ्या कॅसेटी. मला वाटलं, बाबांना आपलं वाजवणं भरून ठेवायचं असणार, फक्त तसं तोंडाने म्हणत नाहीत. दुसऱ्याच दिवशी तुम्ही सॅक्सोफोन गळ्यात अडकवला तशी मी लाल बटण दाबलं. खट्ट झालं. तुम्ही सॅक्सोफोन तोंडातून काढलात आणि म्हणालात, "कायले भरून ठेवतेस? थे दरवेळी तेच बोलन. मी का दरवेळी तेच बोलतो?" मला रडू आलं. मग मी तो टॉवेलखाली लपवून पाहिला, तांदळाच्या कोठीमागे ठेवून पाहिला, पण खट्ट ऐकू आलं की तुमचं वाजवणं बंद. शेवटी त्या कॅसेटींत मी रेडिओवरची गाणी भरली. आज माझ्याकडे तुमचा फोटो आहे, चष्मा आहे, दात पडलेला कंगवासुद्धा आहे. सॅक्सोफोन तुमच्या बँडमधल्या सोबत्यानं नेला, त्याच्याकडून तो आणखी कुठे गेला. कुणाच्या वरातीत वाजत असेल कोण जाणे. तुम्ही वाजवलेला एकही सूर माझ्याजवळ नाही. ह्याचा मला राग होता, बाबा, आणि तो साधासुधा नव्हता.

मला आपल्या स्वयंपाकघरातला तो आवाज हवा होता. तुम्ही लोको शेडमधून येता, कोपरापर्यंत साबण लावून हात धुता, तरी नखांत काळं राहतंच. पुढच्या खोलीत वाजवलं तर रस्त्यावरची माणसं दारात गोळा होतात, म्हणून तुम्ही मागे, माठाशेजारच्या स्टुलावर बसता. आई चुलीवर भाताचं आंधण ठेवते, लाखोरीची भाजी निवडायला घेते आणि स्वतःशीच रोवण्याचं गाणं गुणगुणते. धानाच्या बांधीत, चिखलात वाकून रोपं लावताना बाया म्हणतात ते. आपल्याकडच्या प्रत्येक बाईला येतं ते. तुम्ही थोडा वेळ ऐकता आणि तिचाच सूर उचलता. आधी अगदी तिच्यासारखा. मग एक पाऊल बाजूला टाकता, मग आणखी एक, आणि बघता बघता ते गाणं कुठच्या कुठे गेलेलं असतं. आईचा हात थांबतो. "हे काही माहं गाणं नाही होय." "तुहंच आहे वं," तुम्ही म्हणता, "जरासं फिरून येऊन राहिलं." आणि खरंच, आंधणाला उकळी फुटायच्या आत ते फिरून परत येतं, जसं गेलं होतं तसंच, पण थोडं दमलेलं. मी म्हणते, "बाबा, पुन्हा!" तुम्ही पुन्हा वाजवता, आणि ते दुसरंच असतं. आई वैतागते. "काऊन जी, एक गाणं दोनदा सारखं नाही वाजवता येत तुमाले?" तुम्ही सॅक्सोफोनची वेताची पत्ती जिभेने ओली करता आणि तिसऱ्यांदा वाजवायला घेता.

"गोंदियात आणि जॅझ?" असं मला पुढे कितीतरी जणांनी विचारलं. त्यांना मी गार्डसाहेबांची गोष्ट सांगते. ते ख्रिस्ती गार्डसाहेब नोकरी संपवून मुलाकडे परदेशी निघाले तेव्हा त्यांनी आपला सॅक्सोफोन तुम्हाला दिला आणि तबकड्या रेल्वेच्या क्लबात ठेवून गेले. रविवारी सकाळी त्या क्लबात कुणी नसायचं, झाडणारी बाई आणि आपण दोघं. तुम्ही तबकडीवर फुंकर मारून ती लावायचे आणि आपण लाकडी खुर्च्यांवर पाहुण्यांसारखे बसायचो. ज्यांच्या आज्यापणज्यांना बाजारात विकलं होतं त्या काळ्या लोकांनी हे उभं केलं, असं तुम्हाला गार्डसाहेबांनी सांगितलं होतं, आणि ते तुम्ही मला दर रविवारी नव्याने सांगायचे. "ऐक, आता ह्यानं रस्ता सोडला," तुम्ही बोट वर करायचे. मला खरोखर धाकधूक व्हायची, हा आता परतायचा कसा. तुम्ही म्हणायचे, "मोहफुलं वेचाले माणूस जंगलात शिरते, रस्ता सोडते. म्हणून का घर विसरते?" आणि तो यायचा परत. एकटा वाजवत असताना बाकीचे त्याला एकटं पडू द्यायचे नाहीत. ड्रमवाला मागून हळूच टोकायचा, पियानोवाला हुंकार भरायचा. एकदा मी तुम्हाला पेचात धरलं. म्हटलं, तबकडीत तरी दर रविवारी तेच ते येतं ना? तुम्ही जरा विचार केलात आणि म्हणालात, "थे त्याची चूक नाही. आपण तिथं नोहतो." तेव्हा ते उत्तर मला पळवाट वाटलं होतं.

आजोबांना तुमचं वाजवणं कधी खपलं नाही. बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्या वर्षी त्यांनी घरातलं डफडं फोडून चुलीत घातलं होतं. दुसऱ्याच्या दारात, दुसऱ्याच्या हुकमानं वाजवायचं नाही असं सगळ्या मोहल्ल्यानं ठरवलं होतं. आणि त्यांच्याच मुलानं लग्नाच्या बँडमध्ये जायचं! "सोडलेलं पुन्हा गळ्यात कायले घालून राहिला?" असं ते विचारायचे. तुम्ही मान खाली घालून म्हणायचे, "हुकमानं नाही वाजवत मी." मला ते कळलं सालेकश्याकडच्या एका लग्नात. भर दुपारी मांडवात पंगत बसली होती, वाढपी धावत होते, आणि तुम्ही बाजूला उभे राहून वाजवत होता. काय वाजवलंत! नवरीचा मामा हातातला घास तसाच ठेवून ओरडला, "वन्स मोर!" आपल्याकडे नाटकात, दंडारीत गाणं आवडलं की वन्स मोर होतो आणि गाणारा तेच गाणं, त्याच हरकतींसकट, पुन्हा म्हणतो. तो मान असतो त्याचा. तुम्ही डोळे मिटलेत आणि दुसरंच काहीतरी वाजवलंत. मामा बिघडला. "मघाचं वाजव ना! येत नाही का?" बँडचा मालक धावत आला आणि सगळ्यांदेखत तुम्हाला म्हणाला, "मास्तर, लोकं जे मांगतेत थे द्या. आपली हुशारी घरी ठेवा." माझे कान तापले. तुम्ही शांतपणे पत्ती काढून रुमालात गुंडाळली. परतताना पॅसेंजरमध्ये खिडकीशी बसल्यावर, दरेकसाकडचं जंगल मागे पडल्यावर कुठे बोललात. "एकदा आपल्या गावानं बसून आयकलं पाहिजे. चालता चालता नाही, जेवता जेवता नाही. बसून." तुम्ही आयुष्यभरात मागितलेली मला आठवते ती एवढी एकच गोष्ट, आणि ती तुम्हाला मिळाली नाही.

पुढे मी शिक्षिका झाले, गोंदियाला लागूनच फुलचूरला घर केलं, संसारात बुडाले, पण जॅझ सुटलं नाही. कॅसेटी घासून संपल्या, मग सीडी आल्या, मग मोबाइलवर सगळं जग आलं. ह्यांनी कधी तक्रार केली नाही. फक्त पाहुणे आले की विचारायचे, तुझं ते भांड्यांचं दुकान जरा बंद करतेस का? आणि मग दोन वर्षांमागे मुलगी मला नागपूरला एका कार्यक्रमाला घेऊन गेली. बाबा, इतकी वर्षं ऐकत होते, पण समोर बसून मी पहिल्यांदा ऐकलं. सूर निघायच्या आधी श्वास आत जातो तो ऐकू येतो, हे मी विसरले होते. बोटांखाली चाव्या टकटक करतात. वाजवणारी पोरगी होती, माझ्या मुलीपेक्षा थोडी मोठी, केस कापलेले, पायांत साधी चप्पल. सोबत पियानोवाला, ड्रमवाला आणि माणसाएवढ्या उंच तंतुवाद्याला मिठी मारून बोटांनी तारा ओढणारा एक जण. मध्येच पियानोवाल्याचं बोट चुकून भलत्याच पट्टीवर पडलं. मला कळलं, त्याला कळलं. त्यानं काय करावं? तीच चूक मुद्दाम पुन्हा केली, आणखी एकदा केली, तोवर त्या पोरीनं ती उचलली आणि तिचं गाणं करून टाकलं. ड्रमवाला मोठ्यानं हसला. त्या हसण्यानं मी विरघळले. हे चौघं आत्ता, माझ्या डोळ्यांदेखत, एकमेकांना सांभाळत होते आणि कुणालाच पुढचं ठाऊक नव्हतं. कार्यक्रम संपल्यावर मी त्या पोरीला गाठलं. म्हटलं, गोंदियाला याल? ती म्हणाली, "मावशी, तिथे जॅझ ऐकतात?" मी म्हटलं, एक माणूस ऐकत होता.

ते परवा आले. कार्यक्रम फुलचूरच्या एका लग्नाच्या लॉनवर, रविवारी उन्हं उतरताना. धानाची मळणी आटोपलेली, लोक जरा मोकळे. मी शाळेतल्या जुन्या विद्यार्थ्यांना सांगितलं, मोहल्ल्यात सांगितलं, बाजारात सांगितलं, आणि प्रत्येकानं एकच विचारलं, "लगन कोनाचं आहे?" लग्न नाही म्हटल्यावर, "मग जेवण?" जेवणही नाही, फक्त बसून ऐकायचं. तिथे लोकांचे चेहरे पडायचे. खरं सांगते, आठवडाभर मला धड झोप नव्हती. माणसं आली नाहीत तर एक दुःख, आणि येऊन मध्येच उठून गेली तर ते त्याहून मोठं. तुमचं मागणं माझ्या हातून वाया जाईल ह्या भीतीनं मी देवादिकांना मानत नसतानाही कुणाची तरी विनवणी करत होते. दुपारी नवरानवरीची सिंहासनं बाजूला ओढून आम्ही चौघांना जागा केली. ते वाद्यं जुळवत असताना ती पोरगी म्हणाली, तुमच्याकडचं एखादं गाणं द्या ना आम्हाला, सगळ्यांना माहीत असलेलं. मी आईकडे पाहिलं. आई आता पंच्याऐंशीच्या घरात आहे, कमी ऐकू येतं, पण तिनं मान हलवत रोवण्याचं गाणं म्हणून दाखवलं, दोनदा, अगदी सारखं. चौघं गुडघे टेकून तिच्याभोवती बसले होते.

माणसं आली, बाबा. खुर्च्या भरल्या, मागे काही उभी राहिली. त्या उंच तंतुवाद्याकडे पाहून एक म्हातारा म्हणाला, "हे तं सारंगीचा आजा दिसते." सुरुवातीची दोन गाणी लोकांनी सभ्यपणे सोसली. मग चुळबुळ सुरू झाली. कुणी मोबाइल काढला, कुणी मुलाला शू करायला नेलं आणि परत आणलंच नाही. बाजारातले एक कापडवाले शेठ माझ्याजवळ येऊन कुजबुजले, "मॅडम, कोई जान-पहचान का बजवाओ, पब्लिक उठ जाएगी." आणि तेवढ्यात त्या पोरीनं आईचं गाणं उचललं. अगदी आईसारखं, साधं. खुर्च्यांमध्ये एक लाट गेली. बायांनी एकमेकींकडे पाहिलं, एकदोघी तर गुणगुणू लागल्या. मग तिनं एक पाऊल बाजूला टाकलं. मग आणखी एक. मला माठाचा गार वास आला. ती पार दूर गेली, इतकी दूर की मला पुन्हा तीच धाकधूक झाली, आणि मग ड्रमवाल्यानं हळूच हाक दिली आणि ती फिरून, दमून, घरी आली. टाळ्या पडायच्या आतच कुणीतरी ओरडलं, "वन्स मोर!" आणि मग सगळं लॉन, नाटकाला बसल्यासारखं: वन्स मोर! वन्स मोर!

त्या चौघांना हे नवीन असावं. गाणं पुरतं संपायच्या आत कुणी तेच पुन्हा मागत नसेल त्यांच्याकडे. ती हसली, वाकून नमस्कार केला आणि पुन्हा सुरू झाली. आईचं गाणं तेच, पण ह्या वेळी ती दुसऱ्याच वाटेनं निघाली. लोक गोंधळले. मागून आवाज आला, "मघाचं वाजवा ना जी!" दुसरा म्हणाला, "थे नाही होय हे, तेच पाहिजे!" दोनचार जण उभे राहिले. मला सालेकश्याचा मांडव दिसायला लागला, रुमालात गुंडाळलेली पत्ती दिसायला लागली. आणि आई उभी राहिली. पुढच्या खुर्चीचा आधार घेऊन, काठी टाकून. कमी ऐकू येणारी माणसं बोलतात तशी मोठ्यानं म्हणाली, "तेच कायले पाहिजे? गाणं फिरून येऊन राहिलं. बसा चुपचाप, आयका!" वाजवणारे थांबले नाहीत, पण त्यांनी आवाज अगदी खाली आणला. उभे राहिलेले खाली बसले. शेठही बसले. आणि मग आपल्या गावानं ऐकलं, बाबा. बसून ऐकलं. ते गाणं परत आलं तेव्हा पहिल्यांदा आल्यासारखं नव्हतं, त्याच्या अंगावर दुसऱ्या रानाची पानं होती, आणि लोकांनी ओळखलं त्याला. मागचा म्हातारा मोठ्यानं म्हणाला, "आलं, आलं!" मी हुंदका देऊन रडले, शाळेतल्या पोरांसमोर, लाज न बाळगता.

मुलीनं सगळं मोबाइलवर भरून घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं ते मला पाठवलं आणि मी चहा बाजूला ठेवून ऐकलं. सगळे सूर जागच्या जागी होते. आईचा आवाजसुद्धा आला होता. तरी ते ते नव्हतं. आणि मला तुमचं क्लबातलं उत्तर आठवलं, आपण तिथं नव्हतो. ह्या वेळी मी तिथं होते. त्या स्वयंपाकघरातही मी होते, कित्येक संध्याकाळी, माठाजवळ, आणि मी मात्र टेपमध्ये तुम्हाला शोधत बसले. तर हरले मी. मानलं मी. आई कालपासून विचारते आहे, "थे पोरं पुन्हा कधी येऊन राहिले?" त्या पोरीनं पुढच्या मळणीनंतर यायचं कबूल केलं आहे, आणि कापडवाल्या शेठांनी खुर्च्या आपल्या अंगावर घेतल्या आहेत, पण एका अटीवर, की दोनदा वाजवायचं आणि दुसऱ्यांदा वेगळं.

हे पत्र कुठे टाकायचं नाही. चांगल्या अक्षरात उतरवून काढावं असं मनात होतं, पण उतरवायला बसले तर ते दुसरंच होईल, तेव्हा राहू दे असंच. फक्त एक सांगायचं राहिलं. वर मी लिहिलं की कुणीतरी वन्स मोर ओरडलं. ती मी होते, बाबा. सगळ्या लॉनमध्ये ज्या एकीला पक्कं ठाऊक होतं की तेच पुन्हा येत नसतं, तीच सगळ्यांत आधी ओरडली, उभी राहून, दोन्ही हात वर करून. आणि लोकांना दटावायच्या आधी आईनं पदर ओढून जिला पहिल्यांदा खाली बसवलं तीही मीच. मग मी बसले, आणि ऐकलं.